दीडपट माती

आक्के,

आज मी आपल्या गावच्या नामाचे दोन दात पाडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? गावाकडून आला, बयनं बांधून दिलेल्या वाळक्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात ठेवली, आणि म्हणाला, "दत्त्या, पाऊस झाला गड्या. तुझ्या आक्काचे खड्डे बसलेत. आन् त्यात माती कोन टाकतंय म्हाईत हाय का? सर्जा."

सर्जा! आपल्या चुलत्याचा पोरगा. तुला ज्यानं मारलं, तो. तुझ्या झाडांना माती घालतोय, आणि हे मला इथं गोव्याच्या खाणीवर उभ्या उभ्या ऐकायचं? पुढचं मी नामाला बोलूच दिलं नाही. चार गडी मधे पडले तेव्हा कुठं तो सुटला.

माझा हात सुजलाय. अक्षर वाकडं येतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी तरी कुठं सरळ हुतं?" चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण आज तुझ्याशी बोललो नाही तर आणखी कुणाचे तरी दात पडतील, म्हणून लिहायला बसलो.

तू सासरहून आलीस तो दिवस आठवतो का गं? नवऱ्यानं हात उचलला म्हणून त्याच्या डोक्यात तवा घातलास आणि काष्टीपर्यंत पायी आलीस, तिथून घरी. बय गळ्यात पडून रडायला लागली. तू म्हणालीस, "रडतीस काय? टिकाव कुठं हाय?" आणि दुसऱ्या दिवशी वरच्या माळावर खांदायला सुरुवात! त्या माळावर कुसळसुद्धा उगवत नव्हतं. म्हणे लिंबाची बाग करायची.

मी हसलो. तेव्हा पहिली थोबाडीत खाल्ली.

दुष्काळ होता. तू बांधाच्या कामावर पाट्या वाहायचीस, आणि तिथनं आल्यावर उरलेल्या उजेडात माळावर. एकदा तू खड्डा खांदलास आणि निघालेला सगळा मुरूम परत त्यातच लोटलास. खड्डा भरला, तरी वर ढीग उरला. मला वाटलं चेटूक केलंस! तू म्हणालीस, "खांदलेली माती फुगती, दत्त्या. आन् पानी पडलं की बसती." मग तळ्याचा गाळ एका खड्ड्यात काठोकाठ भरलास, भांडी घासलेलं पाणी त्यावर ओतलंस, पायानं तुडवलंस. गाळ हातभर खाली गेला.

"दीडपट लागल," म्हणालीस. "जेवढा खड्डा दिसतो त्याच्या दीडपट."

मी म्हणालो, "मग कमी पडली की नंतर आणू."

दुसरी थोबाडीत! "नंतर? तळं भरल्यावर पान्यात बुडून आनतो का? तळं कोरडं हाय तवरच माती आपली. रोपाची मुळी उघडी पडली तर तुझं डोस्कं ठेवू का तिथं?"

बरोबर होतीस. तुझं बरोबर असणं लई टोचायचं, आक्के. मलाही, गावालाही.

तळ्यातला गाळ गावानं वाटून घेतला होता. घरटी एक पट्टा. पट्ट्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खांदता सोडायचा, म्हणजे कुणी किती खोल नेलं ते उघड्यावर दिसतं. ज्याला जेवढा लागतो, त्यानं तेवढाच गाळ न्यायचा. आणि देखरेखीला कोण? तर सर्जा. काठी घेऊन माळावर गेला, तुझ्या खड्ड्यांची लांबी-रुंदी-खोली मापून आला, आणि तळ्यात सगळ्यांसमोर आपली गाडी अडवली.

"आक्के, खड्डे भरतील येवढी माती तू कवाच न्हेलीस. वरची कुठं चाललीय? इकतीस का काय?"

तू घमेलं खाली न ठेवताच म्हणालीस, "तुझ्या डोस्क्यात भरायचीय. तिथला खड्डा लई मोठा हाय."

सगळं तळं हसलं. म्हातारे हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. तू का बोललीस तसं? "माती बसती रे" एवढं एकदा त्याला समजावून सांगितलं असतंस तर? पण तू ज्याला त्याला समजावणारी असतीस तर तू कसली!

त्यानं फावड्याचा दांडा तुझ्या खांद्यावर घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तू घमेलं असं फिरवलंस की त्याचा कान अर्धा लोंबायला लागला. मग त्यानं दोन्ही हातांनी तुला ढकललं, आणि तू मागं बांधाच्या दगडांवर गेलीस. डोक्यानं.

मी त्याला लाथेनं आडवा केला. छातीवर पाय दिला. टिकाव वर उचलला. आक्के, एक घाव! एकच घाव बाकी होता. आणि तू तिथून, रगताच्या थारोळ्यातून म्हणालीस, "दत्त्या, टिकाव खाली ठेव. दांडा मोडला तर खड्डे कशानं खांदशील?"

हे काय शेवटचं बोलणं झालं? माणसं देवाचं नाव घेतात!

दवाखान्याकडं तुला त्याच गाडीतून नेलं. खाली अर्धी भरलेली माती, तिच्यावर तू. अर्ध्या वाटेत बयनं तुझ्या तोंडाशी कान नेला आणि मग बैल थांबवा म्हणाली.

पोलीस आले तेव्हा गाव म्हणालं, पाय घसरून पडली. बयसुद्धा तेच म्हणाली. मी तिच्या अंगावर धावून गेलो तर म्हणते, "येक गेली. आता दुसऱ्याला फासावर धाडू का?" दुसरा म्हणजे मी. तिला ठाऊक होतं, खटला उभा राहिला असता तर कोर्टाची वाट बघायला मी थांबलो नसतो, आधीच सर्ज्याला मारलं असतं. तिनंच मला इकडं हाकललं.

इथली माती लाल आहे, आक्के. टिकाव मारला की भुईतून रगत निघाल्यासारखं दिसतं. मी दिवसभर सर्ज्याचं डोकं फोडतो. मुकादम खूष आहे, म्हणतो, गडी कामाला वाघ आहे!

संध्याकाळी नामा तोंडाला फडकं लावून माझ्याच शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मारून झालं का? मग फुडचं आयिक, भाड्या."

आणि त्यानं सांगितलं. बयनं काष्टीच्या बाजारातून रोपं आणून लावली, ती धरली. पण पाऊस जोराचा झाला, माती बसली, मुळ्या उघड्या पडायला लागल्या. दीडपट कुठून असणार? तुझ्यानंतर गाडी तळ्यात गेलीच नाही, आणि आता तळं भरलंय. सर्ज्यानं स्वतःच्या रानात पसरलेला गाळ खरवडायला घेतला. पाटीनं, डोक्यावरनं वाहतोय. पहिल्या दिवशी बयनं त्याला दगड हाणला, पाठीत बसला. त्यानं पाटी खाली टाकली नाही. म्हणाला, "काकी, आक्का बरोबर हुती. दीडपट लागती."

ऐकून मी खाणीच्या कडेला जाऊन बोंबललो. त्याला हे कळायला पाऊस पडावा लागला! आणि त्याच्या आधी तुला मरावं लागलं!

खोटं बोलत नाही, मी तेव्हाच मनात माप काढलं. सर्ज्याएवढा गडी पुरायचा तर तुझ्या दोन खड्ड्यांएवढी जागा लागेल. आणि माती फुगून वर ढीग राहील, गावाला लांबून दिसेल. टिकावाला मी धारही लावली.

मग तुझ्या रोपांची मुळी डोळ्यांसमोर आली. कोरडा गाळ आता फक्त त्याच्याच रानात आहे. "त्याला पुरला तर तो वाहून कोन आननार?" मी मोठ्यानंच बोललो. नामा बिनदाताचा हसला आणि म्हणाला, "तुझी आक्का मेल्यावर बी हिशेब सोडत न्हाई." मी त्याला भाकरी पाण्यात कुस्करून चारली.

मी येतोय, आक्के. मुकादमाला सांगून झालं. सर्ज्याला माफ केलं असं समजू नकोस, मला ते जमणार नाही. तो माती आणील आणि मी खड्ड्यात उभा राहून तुडवीन. पाणी घालीन. बसली की म्हणीन, आण आणखी. त्याच्या रानाचा मुरूम उघडा पडला तरी म्हणीन. आणि त्या रानाच्या मधोमध एक खुंट सोडायला लावीन, न खांदलेला. तुझ्यासाठी किती खोल जावं लागलं, ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे.

माझा हात तेव्हाही शिवशिवणार. म्हणून हे आधीच लिहून ठेवतो. टिकाव बरोबर आणतोय, पण तो भुईलाच लागेल. दांडा मोडू देणार नाही.

तुझ्या हातचा मार खाल्लेला,
दत्त्या