कूलरमागची गिटार

प्रिय आयुष,

परवा फोनवर तू म्हणालास, रविवारी तुझा मित्र रोहित येईल, ती अर्धवट गिटार त्याला देऊन टाक, घरात उगाच अडगळ. मी बरं म्हटलं. तुझ्यापुढे माझं ‘बरं’ फार पटकन निघतं. काल रोहित येऊन गेला. काय झालं ते सांगतेच, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय तुला ते कळायचं नाही. आणि फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच हसशील, म्हणून कागद घेतला.

पुण्याला नोकरीवर जाताना तू ती कूलरमागे उभी करून गेलास. सागवानी अंग कापून-घासून झालेलं, दांडी बसवलेली, तिच्यावर सुरांचे पडदे ठोकलेले. अडलं होतं ते फक्त तारांखाली बसून त्यांचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या पिकअपशी. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, ती तुझ्या हातात तुटायची आणि तू चिडून उठायचास. मला गंमत वाटायची. ज्या घरात आई जळालेल्या कूलर-मोटारींत नवी तार भरून देते, त्या घरातल्या पोरानं तारेपुढे हात टेकावेत! पण तुझ्या रागाच्या वेळी तुझ्याशी कोण बोलणार?

दिवाळीनंतर मोटारींचं काम थंडावतं. एका दुपारी झाडता झाडता ती गिटार मांडीवर घेऊन बसले, बघू तरी काय आहे म्हणून. आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. मोटारीला आपण वीज देतो तेव्हा ती फिरते. इथे तर त्या गुंडाळीला कोणी वीजच देत नाही, वरची वाजवायची तार तिला शिवतसुद्धा नाही. मग स्पीकरपर्यंत जातं तरी काय? भाजी फोडणीला घालतानाही माझं हेच चालू.

आधी आपली कूलरचीच तार गुंडाळली. छान, एकसारखी बसली. तुझ्या छोट्या स्पीकरला जोडून, वर एकच तार चढवून छेडली तर आवाज कसा, कोणी गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. तार जाड, त्यामुळे वेढेच कमी मावले होते. मग ती उकलून तुझी बारीक तार घेतली. माझ्याही हातून ती किती वेळा तुटली, विचारू नकोस. मोटारीची तार ओढून बसवायची सवय, ही नुसती बोटांतून सोडावी लागते. शेवटी जमली एकदाची. आणि मग मी प्रत्येक मोटारीचं करते तेच केलं. वार्निशमध्ये बुडवली आणि गच्चीवर उन्हात वाळत ठेवली. संध्याकाळी बघते तर जिच्यावर तार गुंडाळलेली ती प्लास्टिकची रिळ, ते बॉबिन, पापडासारखं वाकडं! तुझे बाबा कळमन्याच्या बाजारातून आले, बघून म्हणाले, “काय करून राहिली वं? पोराची वस्तू तळून टाकली ना!” मला रडू आलं, खरंच सांगते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं सीताबर्डीला गेले, तुझ्या त्या स्पीकर दुरुस्त करणाऱ्या नागसेनकडे. आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, “काकू, मोटर तापते म्हणून तिले वार्निश लागते. हे काहून तापन? याले जेमतेम वितळलेल्या मेणात बुडवा.” आणि वर पुन्हा मलाच विचारलं, तार न तुटता हात कसा धरता म्हणून. मला सांगता येईना, करून दाखवलं. नवं बॉबिन घेऊन आले.

पुन्हा तार गुंडाळली आणि या वेळी मेण वापरलं. तारा चढवायच्या आधी गंमत म्हणून स्वयंपाकघरातल्या वस्तू एकेक करून पिकअपवर हलवून पाहिल्या. चुंबकाला न चिकटणारा स्टीलचा चमचा गप्प, पितळेचा डाव गप्प, पोळ्या उलथायचा लोखंडी सराटा नेला की स्पीकरमधून धप्प! तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. ही तर उलटी मोटार! तिथे विजेनं लोखंड हलतं, इथे लोखंड हललं की वीज निघते. इतक्या मोटारी भरल्या, पण हे कधी मनातच आलं नाही. मग गिटारच्या पोलादी तारा चढवल्या, एक छेडली आणि आपली खोली भरून गेली. बाबा जेवता जेवता थांबले. “आणखी एक डाव वाजव वं,” म्हणाले.

काल रोहितनं ती सुरात लावली, तासभर वाजवली. “काकू, भारी झाली, नेऊ का आता?” म्हणाला आणि दांडीवरचा माझा हात निघेचना. त्याला चहा-चिवडा दिला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

तुला वाटेल, आईनं माझ्यासाठी राखून ठेवली. नाही रे, आयुष. तुझ्यासाठी नाही. मला हवी आहे. लहानपणी राहून गेलेली हौस वगैरे काही नाही, माझ्या माहेरी खाप्याला गिटार पाहिली होती कोणी? मला आत्ता हवी आहे. शिलाई मशीन सगळ्यांचे कपडे उसवायला-शिवायला, मोबाइल तुझा जुना, मोटारी दुकानदाराच्या. नुसतं बघायचं, वाजवायचं, पुढे काय होतं ते शोधायचं, अशी माझी एकही वस्तू नव्हती. रोहित दर रविवारी शिकवायला येणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, तुला सांगते आहे. गावी आलास आणि वाजवावीशी वाटली तर जरूर वाजव. फक्त आधी मला विचार.

तुझीच,
बोटांची टोकं हुळहुळलेली
आई