कूलरखालचा स्टँड

बापू, कीबोर्डला एक मजबूत स्टँड हवा होता आणि तो निवडण्यात माझे तीन आठवडे गेले. कीबोर्ड म्हणजे लग्नाच्या बँडगाडीवर वाजतं ते. तुम्ही पाहिलेलं आहे. पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण भाता नाही, विजेवर चालतं. मला ते घ्यावं लागलं, कारण माझा डावा खांदा आखडला आणि भाता ओढणं बंद झालं. गुडघ्यांनी मांडी घालणं त्याआधीच सोडलं होतं. दोन वर्षं पेटी जुन्या लुगड्याखाली झाकलेली होती. आमच्या गल्लीत दर गुरुवारी बायकांचं भजन असतं, आणि दर गुरुवारी शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून विचारायच्या, "बाई, पेटी मुकीच ठेवशात का? टाळ्या वाजाडी वाजाडी आमना हात लाल व्हयनात." शेवटी पुण्याच्या मुलीने कीबोर्ड पाठवला आणि मी वहिनींना शब्द दिला की मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी वाजवीन. मी शब्द दिला की पाळते. दोन वर्षांनी बोटं चालतील की नाही, याची मात्र मलाच खात्री नव्हती, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

लिहिताना तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, त्याचं हसू येईल तुम्हाला. घरी अहिराणीत मी सरळ 'तू' म्हणायचे. पण तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता पेन हातात घेतलं की हात आपोआप शुद्ध होतो. चालवून घ्या.

मुलीने कीबोर्डबरोबर एक स्टँडही पाठवला होता, कात्रीसारखा, दोन नळ्या मधोमध खिळलेल्या. घडी होते, पलंगाखाली जातो, दिसायला सुबक. पण मी पेटीवर वाढलेली, माझी बोटं पट्ट्या दाबतात, नुसतं शिवत नाहीत. पहिल्या आरोहालाच कीबोर्ड डुलायला लागला. नळ्या गुडघ्यांना लागत होत्या ते वेगळंच. डुलणाऱ्या वस्तूवर सूर लागत नाही. निम्मं लक्ष बोटांत आणि निम्मं ती पडेल का यात. दोन मिनिटांत मी उठले आणि मनात पहिला विचार आला तो हा की आता नाहीच होणार आपल्याने. दुसरा विचार तुमचा आला. तुम्ही बनवलेल्या कुठल्याही लोखंडी घोडीवर, टेबलावर तुम्ही काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचात आणि बाजूला मूठ आपटायचात. पाणी सांडलं की काम नापास.

मग मी नंदुरबारला गेले. तिथल्या वाद्यांच्या दुकानदाराने चार प्रकार दाखवले. कात्रीचा, दुहेरी कात्रीचा, इंग्रजी झेडसारखा आणि टेबलासारखा चार पायांचा. मी नळीची जाडी पाहिली, सांधे जोडलेले आहेत की स्क्रूने आवळलेले ते पाहिलं, पायांचे रबर ओढून पाहिले. मग प्यायला पाणी मागितलं. त्यांनी पेला दिला, मी तो स्टँडवर ठेवलेल्या कीबोर्डवर ठेवायला निघाले तेव्हा ते बिचारे धावतच आले. म्हटलं, मग फळी ठेवा. फळीवर पेला ठेवला आणि मूठ आपटली. पहिले दोन नापास. तिसऱ्यावर थोडंच सांडलं, पण तो माझ्या खुर्चीला उंच होता. चौथ्याचे सांधे प्लॅस्टिकचे.

"मॅडम, यावर चाळीस किलो वजन राहतं," दुकानदार म्हणाले.

"राहतं, पण हलतं."

"मॅडम, तुम्हाला कीबोर्ड वाजवायचा आहे की कुटायचा आहे?" मग फडक्याने पाणी पुसत म्हणाले, "तुम्हाला ना, कूलरचा स्टँड लागेल."

ते टोमणा मारून मोकळे झाले. मी बसमध्ये बसले आणि वाटेतलं प्रकाशा गाव येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. कारण कूलरचा स्टँड माझ्या घरी आहे, मागच्या खिडकीबाहेर, गेली चाळीस वर्षं. आणि तो कूलरसाठी बनवलेला नाही, हे आता फक्त मला माहीत आहे.

पुरुषोत्तमनगरची, साखर कारखान्याच्या वसाहतीतली खोली. माय चुलीपुढे, मी परातीत पीठ मळते आहे, आणि तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन दारात बूट काढता आहात. अंगाला मळीचा वास. मी सांगते की कॉलेजच्या संमेलनात मला पेटी वाजवायची आहे, खुर्चीवर बसून, आणि पेटीखाली ठेवायला धड काही नाही. तुम्ही विचारता, "पेटी केवढी शे?" पेटी कॉलेजची, तुम्ही ती कधी पाहिलेली नाही. तुमची पोरगी साऱ्या कॉलेजपुढे वाजवणार म्हणून मला आभाळ ठेंगणं झालेलं. मी पिठाचे हात दोन्ही बाजूंना पसरते आणि म्हणते, "एवढी." तुम्ही खिशातून सुतळी काढता, माझ्या एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत ताणता आणि गाठ मारता. मग घरात खुर्ची नाही म्हणून मला पिठाच्या डब्यावर बसवता, जमिनीपासून कोपरापर्यंत दुसरी सुतळी, दुसरी गाठ. माय म्हणते, "तिले भाकरी तर करू दे, मंग माप ले." तुम्ही ऐकत नाही.

साहेबांना विचारून, पावती फाडून भंगारातलं लोखंडी अँगल घेतलंत. आठ दिवस पाळी सुटल्यावर थांबून वेल्डिंग केलंत. संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही तो स्टँड सायकलच्या कॅरिअरला आडवा बांधून शहाद्याला कॉलेजच्या फाटकाशी आणलात. चाळीस इंच लांब, रेड ऑक्साइडचा विटकरी रंग, चारी बाजूंनी वर उभी पट्टी, पाय म्हशीसारखे. कॉलेजची पेटी होती दोन फुटांची. त्या स्टँडवर ती खाटेवर मांजर बसावं तशी दिसली असती. माझ्या दोन मैत्रिणी मागे उभ्या होत्या, त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "यावर पेटी ठेवायची का तू झोपायचं?" तुम्हीही पाहिलंत की हे लांब झालंय. म्हणालात, "जरा मोठं व्हयनं. पन हालाव नही." मी म्हटलं, बापू, संमेलनाच्या मॅडम म्हणतात, बाहेरचं सामान चालणार नाही. तुम्ही एकदा फाटकातून आत पाहिलंत, सुतळ्या पुन्हा आवळल्या आणि तसेच परत गेलात. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शेवटच्या रांगेत उभे होतात. मी कॉलेजच्या टेबलावर वाजवलं. एका पायाखाली कागदाची घडी घातली होती, ती मधेच निसटली आणि अंतरा संपेपर्यंत टेबल टकटक करत राहिलं. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "टेबल हालत व्हतं."

तो स्टँड आधी माठाखाली गेला. पुढे आम्ही शहाद्यात घर बांधलं, पहिला कूलर घेतला, तेव्हा तुम्ही तो पुन्हा सायकलवरच आणलात. अर्ध्या भागावर कूलर बसला, उरलेल्या जागेवर मी तुळशीची कुंडी ठेवली. उंची कमी पडली म्हणून चारी पायांखाली विटा. तुम्ही फडक्याला हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणालात, "कूलरखाल कोनी देखत नही." मी चहा टाकायला आत गेले. पुढे कित्येक वर्षं कुणी विचारलं की कूलरला एवढा लांब स्टँड कशाला, तर मी सांगायचे, आमच्या बापूंचं माप चुकलं होतं.

नंदुरबारहून आले त्याच दिवशी मी मागे जाऊन टेप लावला. चाळीस इंच. कीबोर्ड अडतीस. तिथेच पायरीवर बसले थोडा वेळ. थंडीचे दिवस, कूलर कोरडाच होता. आमच्या ह्यांना हाक मारली. आधी कूलर खाली घेतला, मग स्टँड धुऊन काढला. उचलताना हे म्हणाले, "तुझे वडील फिटर होते की पूल बांधायचे?"

वेल्डर माझा जुना विद्यार्थी निघाला. पन्नाशीचा गृहस्थ आता. घरी हिंदी बोलतो, गिऱ्हाइकाशी अहिराणी. दुकानात शिरले तसा डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाला, "बाई, नववीमा तुम्ही माले बाकवर उभं करेल व्हतं." मी म्हटलं, "काही कारण असेल." "शे ना. मी बाक हालाडी ऱ्हायंतू." त्याचा स्वतःचाच हसून जीव गेला. मग त्याने स्टँडच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. एकदा खाली वाकून आतली बाजू पाहिली. "हाई कोनी बनाडं?" मी सांगितलं. म्हणाला, "आजकाल अशी वेल्डिंग कोन करस." बापू, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, माझ्यासाठी नव्हे.

पेटी उंच असते आणि कीबोर्ड चपटा, म्हणून पायांना सहा इंचांचे तुकडे जोडायचे ठरले. मी खुर्चीवर बसले आणि त्याने जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, टेपने. सुतळी नव्हती त्याच्याकडे. तेवढं झाल्यावर कीबोर्ड ठेवून पाहिला तर पुढची उभी पट्टी मनगटाला कापत होती. मागे सरकवला तर तीच पट्टी हाताला घासत होती. वस्तू घसरून पडू नये म्हणून तुम्ही ती ठेवलेली. पेटीला तिचा त्रास झाला नसता, कारण पेटीच्या पट्ट्या वीतभर उंचीवर असतात. वेल्डर म्हणाला, "बाई, पुढली पट्टी काढनी पडी. पन तुमना बापूनं काम शे, तुम्ही सांगशात तव्हयच हात लावसू." मी म्हटलं, उद्या सांगते. एका लोखंडी पट्टीसाठी मी अख्खा दिवस मागून घेतला, जिने आयुष्यात कुणाला गृहपाठासाठी एक दिवस दिला नाही. पट्टीवर कापड गुंडाळून पाहिलं, मनगटाला पट्टा बांधून पाहिला. गुरुवार चार दिवसांवर.

संध्याकाळी दिवा लावताना तुमचं कारखान्यातलं वर्कशॉप आठवलं. मी आठवीत असेन. गळिताचा हंगाम, माय आजारी, म्हणून डबा घेऊन मी आले आहे. तुम्ही एक ब्रॅकेट जोडून पूर्ण केलाय, वर फुलपात्र ठेवून मूठ मारता आणि पाणी सांडतं. बाजूचा म्हणतो, खाली चकती टाक, कोणाला कळतंय. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "मन्हं माप चुकनं," करवत उचलता आणि स्वतःचंच काम कापायला घेता. मी डबा हातात धरून उभी. मला वाटतं, एवढ्या माणसांसमोर कशाला सांगायचं. घरी येताना ते मी बोलूनही दाखवलं, तर तुम्ही चिडलात. तुम्ही माझ्यावर क्वचित चिडायचात. "चुकनं ते सांगी टाकानं आन् कापी टाकानं. चकतीखाल दपाडं म्हनजे ते हालतंच ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, काप. ठिणग्या उडाल्या, पट्टी खाली पडली. त्याने कड घासून गुळगुळीत केली. बाकीच्या तिन्ही बाजू तशाच आहेत. रंग पुन्हा रेड ऑक्साइडच दिला. त्याच्याकडे काळा होता, मी नको म्हटलं. घरी आणल्यावर फुलपात्र काठोकाठ भरलं, मूठ आपटली. हात दुखला, पाणी जागचं हललं नाही.

काल गुरुवार झाला. बायकांनी तो स्टँड पाहून हसून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "बाई, यावर आम्ही बी बठू का?" म्हटलं, बसा, हलणार नाही. सुरुवातीला माझी बोटं अडखळली, दुसऱ्या भजनाला सैल झाली, आणि चौथ्याला मी कीबोर्डकडे बघणंही सोडलं. तुम्हाला ऐकायला बरं वाटलं असतं. शेवटची रांग भिंतीशी होती, पण तिथे सगळ्या बायकाच बसल्या होत्या. चहाच्या वेळी एकीने विचारलं, एवढा लांब, अगदी कीबोर्डच्या मापाचा, कुठून करून आणला. तोंडावर जुनं उत्तर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, आमच्या वडिलांनी केलाय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, मी माझी सवय ओळखून आहे. कुठे ठेवायचं तेही ठरलेलं नाही. स्टँडच्या पायाखाली जाणार नाही एवढं नक्की, चारही पाय टेकलेले आहेत. एक राहिलं ते लिहून टाकते. संमेलनाच्या मॅडमना मी काही विचारलंच नव्हतं. आणि तुमचं माप बरोबर होतं, बापू. हात मीच जास्त पसरले होते.