नवाब एक मजला खाली उतरला

प्रिय रशिदा,

नवाब मजेत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तुझी मेहक उरलेलं पत्र वाचू देणार नाही. वजन वाढलंय. लस टोचून आणली तेव्हा डॉक्टरांचा हात बोचकारून आला, म्हणजे तब्येत ठणठणीत. वाळूचा ट्रे रोज मीच चाळते. त्या वेळी आमचे हे पेपर नाकापर्यंत वर धरतात आणि जगाची काळजी करतात. मेहकनं शिकवल्याप्रमाणे सुकी मासळी भिजवून, तिचं मीठ काढून, उकडून, काटे वेचून देते. एवढे लाड मी पोटच्या पोराचे केले नाहीत, म्हणूनच बहुतेक तो बंगळूरला निघून गेला.

मासळीवरून आठवलं. तुम्ही माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत होता तेव्हा खाली पार्किंगमध्ये नोटीस लागली होती, ‘पाळीव जनावरांमुळे दुर्गंधी’. आपल्या बिल्डिंगमध्ये रविवारी दहानंतर जिन्यात पाय ठेवला तर माणूस नुसत्या वासावर जेवून होतो. मजल्यामजल्यावर मटण शिजतंय, पांढरा रस्सा कुणाचा आणि तांबडा कुणाचा हे मी डोळे मिटून सांगते. अशा बिल्डिंगीत तुझ्या वाटीभर मासळीनं लोकांना मळमळायला लागलं. कोल्हापुरात! मी तेव्हाच मोठ्यांदा हसले होते. तू मात्र हसली नव्हतीस.

चेअरमन विजयसिंहदादा तुमच्या दारात उभे राहून बादशहाभाईंशी बोलत होते ते मला जिन्यात शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. “पावणं, माणूस म्हणून तुमच्याबद्दल एका शब्दाची तक्रार न्हाय. मांजराचंच तेवढं बघा की.” चार वर्षं एकाच जिन्यानं चढणारा माणूस, आणि पावणं! पण तू ते खरं मानलंस. दुसऱ्या दिवशी मेहकला रडतं ठेवून नवाबला टोपलीत घातलंस आणि माझ्याकडं आणून दिलंस. म्हणालीस, संयोगिता, आता मिटलं बघ. पुढच्याच महिन्यात तुमच्या घरमालकाला एकाएकी आठवलं की त्याच्या पुतण्याला फ्लॅट लागणार आहे. तो पुतण्या अजून आलेला नाही. कुलूप तसंच आहे, त्यावर कोळ्यानं जाळं केलंय.

तुम्ही मलकापूरला तुझ्या आईकडं गेलात. बादशहाभाई सोमवार ते शनिवार इथंच मोटार वायंडिंगच्या दुकानात पथारी टाकतात. परत यायचं झालंच तर मांजराचं निमित्त नको, म्हणून नवाबला तू माझ्याकडंच राहू दिलंस. मी म्हटलं, आता नोटीस माझ्या नावानं लागणार. जीभ परजून बसले होते. काय सुनवायचं ते भांडी घासताना पाठ करत होते.

नोटीस आलीच नाही. तोच बोका, तीच बिल्डिंग, तीच मासळी, फक्त एक मजला खाली, आणि वास गेला. नुसता गेला नाही, लळा लागला! चेअरमनच्या आई, आपल्या आक्का, त्याला बशीभर दूध पाजायला लागल्या. मी सांगितलं, आक्का, दूध त्याला पचत नाही. त्या म्हणाल्या, “मांजराला दूध पचत न्हाय व्हय? ऐकावं ते नवलच!” मग व्हायचं तेच झालं. त्याला त्यांच्याच दारात, पायपुसण्यावर जुलाब झाले. आक्कांनी ते स्वतःच्या हातानं पुसलं, आणि वर म्हणाल्या, “लेकरू हाय ते.” तुझ्या वेळी जिन्यात एक केस सापडला म्हणून मिटिंग बोलावली होती, आठवतंय ना? आणि हो, त्याला आता नवाब कोणी म्हणत नाही. आक्कांनी त्याचं नाव सोन्या ठेवलंय. आधी मी दरवेळी दुरुस्त करायचे. आक्का नुसत्या हसायच्या आणि पुन्हा सोन्याच म्हणायच्या.

जनावरांवर एवढं प्रेम उतू जायला लागलं की पार्किंगमध्ये काचेची पेटी आली. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणे, दारात पोहणारा जीव असला की बिल्डिंगवरचं गंडांतर टळतं. आठ गोल्डफिश आणले. येता-जाता जो तो पुण्य कमवायला लागला. कुणी चिवडा टाकला, कुणी बिस्किट, सत्यनारायणाच्या दिवशी तर चक्क शिरा. पाणी गढूळ झालं की वॉचमन सगळंच उपसायचा आणि पाइपानं थेट नळाचं भरायचा. मासे आडवे पडायला लागले, तेव्हा सगळे माझ्याकडं आले, कारण माझ्याकडं मांजर, म्हणजे मला मासे कळणारच. मी तुझ्या लेकीला फोन लावला. तिनं एसटीतनं, घाटातल्या वळणावळणावर आवाज तुटत असताना सांगितलं, काकू, सगळं पाणी एकदम काढायचं नाही, थोडंथोडं बदलायचं; नवं पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं; आणि खायला चिमूटभरच, मासे उपाशी मरत नाहीत, खाऊन मरतात. तिच्या बोलण्याप्रमाणे केलं, तेव्हा तीन वाचले. मेलेल्या पाचांबद्दल दादा म्हणाले, बरं झालं, बिल्डिंगवरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं. तोवर तुम्ही गेला होता. मग संकट कुठलं उरलं होतं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला. मेहकची बारावी, रोजची एसटी, घरी पोचेपर्यंत अंधार, पोरगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपते. घरमालक भाडं घ्यायला तयार आहे, पण म्हणतो, सोसायटीचं तुम्ही बघा. तू म्हणालीस, आता तर मांजरही नाही आमच्याकडं, दादांना एवढं विचार की. मी गेले. आक्कांनी चहा टाकला. नवाब दादांच्या मांडीवर पसरला होता. दादा त्याच्या कानामागं खाजवत म्हणाले, “वहिनी, माणसं सोन्यासारखी हाईत वो, मी न्हाय म्हणतच न्हाय. पर...” त्या ‘पर’वर ते नवाबचा दुसरा कान खाजवायला लागले. रशिदा, मी आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातल्या खोडी काढत आले, पण एवढं लांबलचक वाक्य मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, “आता ह्या मुक्या जिवाला आपण घालवलं का? मोठ्या मनानं ठेवूनच घेतलं की न्हाय?” पुढच्या जनरल मिटिंगला हे उदाहरण द्यायचंय त्यांना.

मी उठले तर मला थांबवलं. चांगुलपणानंच बोलले, तेच तर वाईट. म्हणाले, पोरीचं वरीस वाया जायला नको. “तुमच्याकडंच ठेवा की परीक्षेपतोर. कोण इचारलं तर भाची म्हणून सांगा. नाव तेवढं... स्वप्नाली-बिप्नाली कायतरी.” आक्कांनी लगेच मान डोलावली. त्यांना ते पटलं, नाव बदलून घेणं एकदा जमलेलं होतंच. घरी आले तर आमचे हे म्हणाले, सुचवलंय ते काही वावगं नाही, पोरीची सोय होतेय. त्या दिवशी मी त्यांचा पेपर हातातून काढून घेतला आणि ट्रेखाली अंथरला.

तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, कारण तू ‘काय म्हणाले दादा?’ विचारणार आणि मला थट्टेत काहीतरी सांगावं लागणार. मांजराचं कधीच काही नव्हतं, रशिदा. तुम्ही परत येऊ नका. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं मी नवाबला टोपलीत घालून मलकापूरला घेऊन येतेय. कुणाच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून तो इथं राहणार नाही. मेहकनं हाक मारली आणि तो लगेच वळला नाही, तर तिला वाईट वाटू देऊ नकोस. इथं त्याला दुसरं नाव पडलं, बशी भरलेली होती, त्यानं हरकत घेतली नाही. मेहकच्या वतीनं मात्र ती हरकत मी दादांच्या तोंडावर घेऊन आले आहे.

डोक्यावर कुणाची पावलं वाजत नाहीत म्हणून चिडचिडी झालेली, तुझीच,
संयोगिता