खरा कोट हाताला कळतो

२ फेब्रुवारी, सकाळ

आज इतका आनंद झाला आहे की एका जागी बसवत नाही. ही रोजनिशीसुद्धा मधेमधे उठून, येरझाऱ्या घालून लिहिते आहे. जुन्या बाजारातून महायुद्धातला कोट आणला. मोठ्या साहेबाचा असणार. ताठ कॉलर, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, पितळी बटणं तर अशी की त्यात बघून भांग पाडावा.

ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात तो दुकानदार म्हणाला की आजी, तुमच्यासारखी नजर या बाजारात कुणाची नाही. खरंच आहे. मी तिसरीनंतर शाळा सोडली, पण कापड हाताला कळतं. तिसरीच्या बाई स्वतःची शाल लोकरीची म्हणून सांगायच्या. नव्हती. तेव्हापासून ही विद्या आहे.

कोट गुंडाळायला त्यानं एक जाडाभरडा मळका कोट दिला, फुकट. रंग तसाच, पण अस्तर नाही, बटणं काळपट आणि सगळी एका जातीची नाहीत. गरीब बिचारा, कुणाचा तरी. पडू दे कोपऱ्यात.

त्याच दिवशी, दुपार

सूनबाईनं बघितलं. म्हणाली की आई, कपाट भरलं, पलंग भरला, आता खोली आहे की छावणी हेच कळत नाही, आणि माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते, तिच्या नकाशात चहाचे समुद्र झालेत. मुलानं दोघींकडे एकेकदा पाहिलं आणि पेपर उंच धरला. त्याच्या वडिलांचीही हीच सवय.

शेवटी करार झाला. संग्रहालयातून तपासनीस बोलवायचे. घरात एक तरी कोट युद्धातला खरा निघाला तर खोली माझी. नाही निघाला तर तिथे नातीचं टेबल. मी ताबडतोब हो म्हटलं. एक कशाला, कपाटच्या कपाट खरं निघेल. सूनबाईची मला दयाच आली.

५ फेब्रुवारी

तपासनीस येणार म्हणून साफसफाई काढली. मळका कोट आधी धुतला. आतून शाईचा शिक्का होता, काही आकडे आणि कसलीशी खूण. धोब्याची असणार. लिंबू-मीठ लावून घासली. जाता जाईना, पण मी काय सोडते. गेली.

संकल्प: उद्यापासून दुपारी झोपायचं नाही, अभ्यास करायचा.

६ फेब्रुवारी

झोपले.

८ फेब्रुवारी

नातीनं फोनमध्ये बघून वाचून दाखवलं की खरा युनिफॉर्म कसा ओळखायचा. शिवणीतला दोरा काढून जाळायचा. जुना सुती दोरा जळून राख होतो. वितळून टणक मणी झाला तर तो नायलॉन, म्हणजे कोट नंतर कधीतरी शिवलेला. हुशार आहे पोरगी, माझ्यावर गेली आहे.

दोरा काढत बसायला धीर कुठे आहे. साहेबाच्या कोटाच्या कोपराशी एक टोक लोंबत होतं, तिथेच काडी लावली. छान मणी झाला. नात म्हणाली की आजी, मणी झाला गं. मी म्हटलं की साहेबाच्या कोटाला साध्या शिपायाचा दोरा कसा असेल, त्याला मजबूतच देणार. त्यावर ती फोन घेऊन अभ्यासाला गेली. पटलं असणार.

फक्त मणी होताना कोपरही थोडं गेलं. थोडं म्हणजे माझी मूठ जाईल इतकं.

९ फेब्रुवारी

मार्ग सापडला. मळका कोट कशाला ठेवला होता ते आज समजलं. त्याच्या पाठीचा तुकडा कापून साहेबाच्या कोपराला ठिगळ लावलं. बारीक टाके. तपासनीसांच्या बापाला कळणार नाही.

मळक्याचं उरलेलं वाया घालवलं नाही. गरम भांडी धरायला दोन फडकी, मुलाला स्कूटर पुसायला एक, आणि दुहेरी करून दाराशी पायपुसणं. सूनबाई चक्क म्हणाली की आई, हे मात्र छान केलंत. तिच्या तोंडून असं ऐकलं की मला संशयच येतो.

१४ फेब्रुवारी

उद्या येणार. घरभर फिरते आहे. कपाट उघडते, बंद करते. तपासनीस खोली बघून हेवा तर करणार नाहीत ना, एवढीच काळजी. मुलगा म्हणतो की आई, बस जरा, फरशी झिजेल.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आले. उंच, वाकलेले, फार सभ्य. चहा घेतला, साखर नको म्हणाले. बाकीचे कोट भराभर बाजूला ठेवले. घाईत असतील. साहेबाचा कोट हातात घेऊन म्हणाले की हा नाटकातला आहे. मी म्हटलं की बटणं बघा. ते म्हणाले की आजी, युद्धात पितळ गोळ्यांना लागायचं, कोटाला जे मिळेल ते लावायचे. एवढ्या मोठ्या सैन्याला बटणं परवडत नव्हती, असं मला सांगतात. मी ऐकून घेतलं, पाहुणे होते.

मग कोपराशी थांबले. चष्मा काढला, पुन्हा लावला. ठिगळावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. हे कापड कुठून आणलंत म्हणाले. हे युद्धातलं आहे.

मी म्हटलं, सांगत नव्हते का.

बाकीचा कोट कुठे आहे म्हणाले. मी सांगितलं की दोन चुलीपाशी, एक स्कूटरवर आणि एकावर तुम्ही मघाशी पाय पुसलेत. ते उठून दाराशी गेले, पायपुसणं झटकलं आणि मांडीवर घेऊन बसले. आत शिक्का होता का, असं अगदी हळू विचारलं. मी म्हटलं होता, पण काळजी करू नका, पार काढला. त्यानंतर त्यांनी आणखी चहा मागितला. साखर घालून.

मी जिंकले. घरात खरा कोट निघाला. करारात अखंड पाहिजे असं कुठे होतं?

१६ फेब्रुवारी

तपासनीसांचा फोन. तुकडे संग्रहालयाला द्याल का, जोडून काचेत ठेवू म्हणाले. मला, तिसरी पास बाईला, विनंती. मी आढेवेढे घेतले नाहीत. ठिगळसुद्धा उसवून दिलं. स्कूटरचं फडकं मुलाच्या हातातून ओढून घ्यावं लागलं. दारातून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी होते.

आत वळले तर सूनबाई पंख्याखाली उभी. म्हणाली की आई, करार घरातल्या कोटाचा होता ना. आता घरात खरा कुठला आहे, दाखवा.

१८ फेब्रुवारी

टेबल आलं. खिडकीपाशी छान बसलं. कोट पोत्यात भरून खोलीतल्याच माळ्यावर गेले. तात्पुरतेच. मीच म्हटलं की पोरीची परीक्षा आहे, तोवर राहू दे. मोठेपणा घेतला.

२० फेब्रुवारी, दुपार

हे जेवणाच्या टेबलावर लिहिते आहे. चहाचे डाग आहेत खरे. खोलीचं दार लोटलेलं असतं. आज सहज, माळ्याकडे जायला म्हणून गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दारावर टकटक केली. आतून नात म्हणाली की आजी, गणित चालू आहे, थोडं थांबशील?

थांबले आहे.