दुसऱ्या नंबरची निवड

९ जून, सोमवार

आज बसमध्ये पुन्हा तेच. पेन अव्हेन्यूवर एक म्हातारी चढली. पास दाखवला आणि माझ्याकडे बघत उभीच राहिली.

"तू बॅस्किन ना रे? कॉर्नेल बॅस्किन?"

हो म्हटलं. सहा फूट नऊ इंचांचा ड्रायव्हर पिट्सबर्गमध्ये दुसरा कोण असणार?

"माझा नवरा मरेपर्यंत तुला शिव्या घालत होता," असं म्हणाली आणि माझ्या मागच्याच सीटवर बसली. राग नव्हता. ओळखीतलं कुणी भेटावं तसं बोलली. उतरताना "जप हो" म्हणाली, तेच जास्त लागलं.

रेडिओवाल्यांनी वात आणलाय. बास्केटबॉलच्या त्या ड्राफ्टला, नव्या खेळाडूंच्या निवडीला, या महिन्यात वीस वर्षं होतात. शहराच्या इतिहासातला सगळ्यात मूर्ख निर्णय कोणता, यावर लोकांची मतं मागवताहेत. डेपोत दिवसभर तेच चालू. मी आत शिरलो की कुणीतरी आवाज बारीक करतं. बारीक केलेला आवाज जास्त ऐकू येतो.

१० जून

रेडिओवाल्यांचा फोन. कार्यक्रमाला या म्हणाले. नाही म्हटलं.

१२ जून, गुरुवार

झोप नाही. लिहून तरी काढतो.

त्या वर्षी नवे खेळाडू निवडायची दुसरी पाळी आमच्या फोर्जर्सची होती. संघाचे मॅनेजर गस पावलिक. त्यांनी माझं नाव दिलं. होमवुडमधलं पोर, ह्याच शहराचं. लोक रस्त्यावर नाचले होते. तिसऱ्या नंबरला इलायस व्हिटलॉक गेला, दुसऱ्या संघात. मी उठून संघाची टोपी घालायला मंचाकडे निघालो तेव्हा तो शेजारच्याच टेबलावर होता. टाळ्या वाजवत होता. मनापासून.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. व्हिटलॉकनं चार वेळा अजिंक्यपद आणलं. माझा गुडघा तिसऱ्या वर्षी गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पावलिकना काढलं. रिकाम्या खुर्च्यांपुढे आणखी काही हंगाम काढून मालकानं संघ विकला आणि फोर्जर्स शहर सोडून गेले. आमच्या स्टेडियमच्या जागी आता गाड्या लावतात. माझी बस रोज तिथूनच वळते.

पावलिकना कुणीही, कधीही विचारलं तरी उत्तर एकच — "परत निवडायची वेळ आली तरी मी बॅस्किनलाच घेईन." लोक हसायचे. वर्तमानपत्रात त्यांचं विदूषकाच्या टोपीतलं चित्र आलं होतं. माणसानं माझ्यापायी स्वतःचं हसं करून घेतलं. आणि मी? एकदाही भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

माझी बायको योलांडा म्हणते, "तू कुणाच्या डोक्यावर बंदूक ठेवली होतीस का, मला घ्या म्हणून? त्यांनी घेतलं, तू खेळलास, पाय मोडला. यात तुझा गुन्हा कुठला ते सांग."

सांगता येत नाही. पण आहे.

१३ जून

आज रीटा बसमध्ये चढली — पावलिकची मुलगी. मी तिला ओळखलंच नाही, तिनंच नाव सांगितलं.

"बाबांची फुप्फुसं गेलीत. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तुझी बस कुठली ते विचारत होते. येशील का?"

मागून कुणीतरी ओरडलं, सिग्नल कधीचा हिरवा झालाय म्हणून.

१५ जून, रविवार

जाऊन आलो.

पोलिश हिलवरचं छोटंसं घर, बाहेर ओटा. पावलिक खुर्चीत, नाकात ऑक्सिजनची नळी. केवढा धिप्पाड माणूस होता! आता शर्टात नुसती हाडं. रीटानं पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, परतून आणल्या, वर भरपूर कांदा. त्यांना खायची बंदी. माझ्या ताटाकडे बघत बसले.

"बसमध्ये मावतोस कसा रे?"

"सीट पार मागे सरकवतो. तरी गुडघा लागतो."

"कुठला?"

"तोच."

हसले आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर मी एकदाचं बोललो. म्हटलं, "मिस्टर पावलिक, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, नाव गेलं. मी कधी आलो नाही. माफ करा."

"तुझ्यामुळे? स्वतःला फारच मोठा समजतोस की तू. गुडघा फाटला तुझा आणि माफी माझी मागतोस? गाढव कुठला."

मग मी वीस वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "व्हिटलॉकला घ्यायला हवं होतं, असं खरंच कधी वाटलं नाही?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. रीटा ताटं उचलत होती, तिचाही हात थांबला.

"मी काय म्हणत आलोय ते ठाऊक आहे ना? मग तेच," म्हणाले. "खा ती शेवटची. मला वास तरी येऊ दे."

निघताना माझा हात धरून ठेवला. सोडवून घ्यावा असं वाटेना.

बसस्टॉपपर्यंत चालत आलो. या माणसाचा तरी माझ्यावर भरवसा होता. पण त्यानं हलकं वाटायच्या ऐवजी आणखीच जड झालं. एवढा भरवसा, आणि मी तो मातीत घातला.

२१ जून

पावलिक गेले. पहाटे. रीटाचा फोन.

रेडिओवर बातमी दिली तीसुद्धा अशी — "बॅस्किनला निवडणारे गस पावलिक यांचं निधन." एक निवेदक म्हणाला, त्यांच्या आधी त्यांची अक्कल वारली होती. दुसरा हसला. बस बाजूला घेतली, दोन मिनिटं थांबलो.

२४ जून, मंगळवार

दफन. वीसेक माणसं असतील. फोर्जर्सचा जुना माणूस मी एकटाच.

सगळे पांगल्यावर रीटानं मला तिच्या गाडीपाशी थांबवलं. बराच वेळ किल्ल्या चाळवत राहिली.

"त्या दिवशी तू विचारलंस आणि बाबांनी टाळलं. मला राहवत नाही, कॉर्नेल. बाबांना व्हिटलॉकच हवा होता. महिनाभर मालकाशी भांडत होते. मालक म्हणाला, बॅस्किन इथला आहे, तिकिटं खपतील, तोच घ्यायचा. शेवटी बाबांनी नाव वाचलं, एवढंच."

मग कधी बोलले का नाहीत, एवढंच विचारलं. नोकरी गेल्यावर तर बोलायचं.

"आई रोज तेच म्हणायची. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा बाबा हॉस्पिटलात आले होते ना? घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, ते पोर आता जन्मभर लंगडणार. त्याला वर हेही कळू द्यायचं का, की तू आम्हाला नकोच होतास?"

एवढं सांगून ती रडायला लागली. मी तिला धरून उभा राहिलो. मला रडू आलं नाही. मी ज्या भरवशाच्या ओझ्याखाली वीस वर्षं वाकलो होतो, तो भरवसा कधी नव्हताच. आणि तरीही त्या माणसानं माझ्यासाठी मरेपर्यंत शहराच्या शिव्या खाल्ल्या.

"बाहेर बोलायचं नाही असं बाबांनी बजावलंय," रीटा म्हणाली. "तुला कमीपणा येईल म्हणून."

२५ जून

सकाळी रीटाला फोन केला. बाबांनी बजावलेलं मी ऐकणार नाही, रेडिओवर खरं सांगून टाकतो म्हटलं. मग म्हणाली, सांग.

योलांडानं विचारलं, "आणि लोक तुला काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत.

मग रेडिओवाल्यांना फोन लावला. उद्या सात वाजता या म्हणाले, खूश झाले. "कशाबद्दल बोलणार?"

"गस पावलिकबद्दल. त्यांना मी नको होतो."