करड्या पाखराची जागा

बुधवार, संध्याकाळ

लाज वाटतेय. दुष्काळानं दूध आटलं, तसा मी दूध संस्थेचा सचिव ऑफिसात नुसता बसून असतो. समोरच्या लिंबावर रोज गाणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे दयाळ, हे मीच पुस्तकातल्या चित्रावरून ओळखलं. तो आमच्या भिंतीतल्या भोकात राहतो, हेही मीच शोधलं. केवढा मिरवलो!

मग एक करडं पाखरू चोचीत काड्या धरून त्या भोकात शिरायला लागलं. मला वाटलं, माझ्या दयाळाची जागा बळकावतंय. चार दिवस खराट्यानं हुसकावलं. त्याच्याही पंखावर दयाळासारखीच पांढरी पट्टी होती. दिसत होती ना मला? मग?

आज दुधाचे कॅन विसळता विसळता राधामावशी म्हणाल्या, "साहेब, त्या गाणाऱ्याची मादी दिसंना झालीय. करडी हाय बघा, पंखावर पांढरी पट्टी. घरटं तीच करती, लई कष्टाची."

खराटा माझ्या खुर्चीमागंच होता.

"कावळ्यानं नेली का काय?" त्यांनी विचारलं.

बाहेर तो एकटाच गात होता.

"नेली असेल," मी खुशाल म्हणालो.