मागच्या भिंतीवरच्या गुलाबाची व्यवस्था

आम्ही दोघी अकरा वर्षांच्या होतो. शाळेच्या मागच्या भिंतीवर पांढऱ्या गुलाबाचा वेल होता आणि त्याला रोज पाणी घालायचं काम सिस्टरनी आम्हाला दिलं होतं. ती शिक्षा होती की बक्षीस, ते अजून ठरलेलं नाही. झारीच्या बुडाला भोक होतं. एकीने झारी धरायची आणि दुसरीने भोकावर बोट दाबून तिच्या बरोबरीने चालायचं. मी काडीसारखी, म्हणून सिस्टर मला ‘पेन्सिल’ म्हणायच्या. ती लिहिलेलं सतत खोडायची, म्हणून ती ‘खोडरबर’. भिंतीपाशी पोचेपर्यंत दोघींचे बूट भिजलेले असत.

वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्राची सुरुवात झारीपासून करत नाहीत.” माझ्या मृत्युपत्राची होते. त्यांना हवं ते पुढे लिहिते.

मी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त ग्रंथपाल, या घराची आणि बागेची एकमेव मालकीण, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे, आणि हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर निश्चिंत आहेत. पण आवराआवर केल्याशिवाय मी साध्या प्रवासालाही कधी निघालेले नाही.

कलम एक. बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी यांना निम्म्या निम्म्या. पुस्तकं मुलीला, कारण नेलेलं पुस्तक परत आणणारी या घरात ती एकटीच. ह्यांचं घड्याळ मुलाला. ते पाच मिनिटं पुढे आहे, तसंच राहू द्यावं.

कलम दोन. राहतं घर दोन्ही मुलांना समान. मागची बाग त्यात धरलेली नाही. मुलाने मध्यंतरी टेप आणून ती मोजली.

“आई, फरशी टाकली तर दोन गाड्या आरामात बसतील गं.”

“अरे, तुझी गाडी एकच आहे.”

“दुसरी येईल ना!”

“येऊ दे. तोवर इथे गुलाब बसलेत.”

राजा, रागावू नकोस. बाग, तिथली अवजारांची खोली आणि गल्लीकडचं फाटक मी माळीबुवांना देत आहे. का, ते कलम चारमध्ये वाच, आणि वाचल्याशिवाय वकिलाकडे धावू नकोस.

कलम तीन. आमच्या उद्यान मंडळाची पद्धत अशी की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे सभासद कोणा एकाच्या खाजगी बागेत जमतात. त्याला आम्ही फेरी म्हणतो. मालक बाग दाखवतो, चहा देतो. नियम एकच, पण कडक: न विचारता फांदी तोडायची नाही. तरी प्रत्येकीच्या पर्समध्ये ओला रुमाल असतोच. मागितली आणि मिळाली, तर घरी नेईपर्यंत वाळायला नको. एकवीस वर्षं मी सगळ्यांच्या बागा पाहिल्या आणि माझं फाटक मात्र उघडलं नाही. “पाहुण्यांची भीती वाटते की गोगलगाईंची?” असं चिटणीसबाई दरवर्षी विचारतात. माझ्या माघारी मला ‘राणीसरकार’ म्हणतात, तेही माझ्या कानावर आहे.

कलम चार. शाळेची भिंत पाडली त्याच्या आदल्या आठवड्यात खोडरबरने त्या वेलाची एक फांदी नेऊन आपल्या अंगणात लावली. मी तेव्हा बाळंतपणाला दूर होते. पुढे कित्येक वर्षांनी आम्ही मंडळातच पुन्हा भेटलो, आणि एका रविवारी तिची बाग पाहायला गेलो. वेल गच्चीपर्यंत चढला होता. मी एक फांदी मागितली.

“पेन्सिल, किडनी माग, देते,” ती म्हणाली. “फांदी नाही मिळायची.”

सगळे हसले. मीही हसले. सगळे चहाकडे वळल्यावर मी पर्समधल्या छोट्या कात्रीने एक फांदी कापली आणि रुमालात गुंडाळली. त्याच कात्रीने त्या सकाळी मी माझ्याकडच्या रोगट गुलाबाच्या काळ्या पडलेल्या काड्या छाटल्या होत्या. पुसायची राहिली होती. घरी आल्यावर फांदीचं टोक मी स्वच्छ पात्याने पुन्हा कापलं, म्हणून ती जगली आणि माझ्या मागच्या भिंतीवर चढली. तिचा वेल मात्र मी केलेल्या कापापासून काळा पडत खाली गेला आणि दोन महिन्यांत बुंध्यापर्यंत वाळला.

खोडरबरकडे तेव्हा माळीबुवा कामाला होते. “तुझ्या घाणेरड्या कात्रीने मारलास माझा वेल,” म्हणून तिने त्यांना काढून टाकलं आणि सगळ्या मंडळाला तसं सांगितलं. त्यांना कोणी दारात उभं करेना. महिनाभराने मी त्यांना माझ्याकडे ठेवलं. सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, आणि मी ते कौतुक घेतलं.

कलम पाच. गेल्या मंगळवारी मी हे माळीबुवांना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, पाइप नीट गुंडाळून ठेवला आणि घरी गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी फाटकातच उभे राहिले.

“बाई, काम दिलंत. पोरीच्या आजारपणात धावलात. सगळं दिलंत.”

“बुवा, आत तर या.”

“गेलेली अब्रू नाही दिलीत. ती त्या लोकांमध्येच पडलीय अजून. तेवढी आणून द्या.”

मी म्हटलं, बाग तुम्हाला ठेवणार आहे. ते म्हणाले, “बागेचं नंतर बघू.”

त्या दुपारी मी चिटणीसबाईंना फोन करून येत्या रविवारची फेरी माझ्याकडे मागून घेतली. मग त्या म्हणाल्या, “बाई, तब्येत बरी आहे ना तुमची?” खोडरबरला मी घरी जाऊन बोलावणं केलं. ती म्हणाली, “इतक्या वर्षांनी फाटक उघडतेयस! काय लपवलंयस गं आत?” मी म्हटलं, “रविवारी बघशील.”

रविवारी भिंतीपाशी उभी राहून मी कलम चार सगळ्यांसमोर वाचणार आहे. माळीबुवा माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेले असतील. त्याआधी माझं बरंवाईट झालं, तर चिटणीसबाईंनी ते तिथेच, मोठ्या आवाजात, एक शब्दही न गाळता वाचावं. फेरी रद्द करू नये. चहाही थांबवू नये.

कलम सहा. बाग, खोली, फाटक आणि सर्व अवजारं माळीबुवांची. मंडळाला पुढे कधी आत घ्यायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं. अट घालण्याचा हक्क मी गमावला आहे.

भिंतीवरचा वेल खोडरबरचा. तो पहिल्यापासून तिचाच आहे. पण तो हलवू नये. एवढ्या जुन्या वेलाची मुळं दुसरीकडे धरत नाहीत. तिला फांदी हवी असेल, तर तिने फाटकाशी येऊन माळीबुवांकडे मागावी.

ती छोटी कात्री मी टाकलेली नाही. स्वयंपाकघरात वरच्या खणात आहे, शेजारी स्पिरिटची बाटली. दोन्ही माळीबुवांना. तिने मागितली आणि त्यांनी द्यायचं ठरवलं, तर फांदी त्यांनीच कापावी. कात्री आधी पुसून, तिच्या डोळ्यांदेखत.

ठिकाण: घराचा मागचा व्हरांडा
दिनांक: फेरीच्या सहा दिवस आधी, सोमवार, सकाळी दहा

लिहून ठेवणारीची सही
(शाळेतली पेन्सिल)

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात स्थिर होता.

साक्षीदार दुसऱ्या: उद्यान मंडळाच्या चिटणीस. कलम चार दोनदा वाचून सही केली. माळीबुवांसाठी खुर्ची मी घरून आणते.